परसातील आजारी कोंबडी : एक दुर्लक्षित इतिहास

पावसाळा सरता सरता आमच्या इंदूरच्या घराच्या परसातील चार कोंबड्यांपैकी एक आजारी पडली. सकाळी खुराडे उघडताच सर्वांत आधी बाहेर पडणारी ही कोंबडी आता सर्वांत शेवटी येते, एवढेच प्रथम ध्यानात आले. दाणे टाकले की ती इतरांबरोबर धावत येई, मातीत चोचही मारी. परंतु नीट पाहिल्यावर कळले की दाणा उचललाच जात नाही. पक्ष्यांची ही जुनी खोड आहे. दुबळेपण उघड झाले तर शत्रू टिपतो आणि सोबतीही टोचून काढतात, म्हणून पक्षी दुखणे शेवटपर्यंत लपवितो. तिला हातात घेतले तेव्हा पिसांखाली जणू काहीच नव्हते. छातीचे हाड सुरीच्या पात्यासारखे बोटांना लागले. स्वयंपाकघरातील काट्यावर वजन भरले ८५० ग्रॅम. बरोबरीच्या तिघी सव्वा किलोच्या आसपास होत्या.

टोपलीत घालून आम्ही तिला एका चिकित्सालयात नेले. तेथे कोणी उद्धटपणे बोलले नाही. एवढ्या खर्चात दुसरी कोंबडी येईल, असे मात्र हसतमुखाने सांगण्यात आले. आमची उभी हयात सरकारी कचेरीत खर्चाचे आणि लाभाचे तक्ते भरण्यात गेली असल्याने या उत्तरातील हिशेब आम्हाला परका नव्हता. त्याच भाषेत आम्हीही अनेकांना उत्तरे दिली असतील. तरीही घरी परतताना एक प्रश्न मनात घर करून बसला. परसातील एकट्या कोंबडीच्या दुखण्याची दखल आजवर कोणी, केव्हा आणि कशासाठी घेतली? या प्रश्नाचा मागोवा घेताना जे हाती लागले, ते आपल्या मंडळाच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कोंबडी माणसाच्या दारी आली ती भाताच्या मागे, असे अलीकडचे संशोधन सांगते. आग्नेय आशियातील तांबड्या रानकोंबड्यापासून ती माणसाळली. थायलंडमधील उत्खननांच्या आधारे २०२२ साली अभ्यासकांनी हा काळ इ.स.पू. १६५० ते १२५० च्या दरम्यानचा ठरविला. खळ्यातील सांडलेल्या दाण्याने रानपाखराला माणसाच्या वस्तीकडे ओढले. आपल्या सह्याद्रीतील करड्या रानकोंबड्याचाही या कुळात वाटा आहे. पाळीव कोंबडीच्या पायांचा व कातडीचा पिवळा रंग त्याच्याकडून आला, असे २००८ साली आनुवंशिक तपासणीतून दिसून आले. म्हणजे परसातील कोंबडीच्या अंगात सह्याद्रीचे थोडे रक्त आहेच.

आपल्या प्राचीन वाङ्मयाने या पक्ष्याची दखल घेतली नाही असे नाही. तरुणपणी उज्जयिनीचा कारभार पाहिलेल्या सम्राट अशोकाने गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्यांच्या चिकित्सेबरोबर पशूंच्या चिकित्सेचीही व्यवस्था केल्याचे नोंदविले आहे. त्याच्या पाचव्या स्तंभलेखात तर कोंबड्यांचे खच्चीकरण करू नये अशी स्पष्ट आज्ञा आहे. पुढे सहाव्या शतकात आपल्याच अवंतीच्या वराहमिहिराने बृहत्संहितेत कुक्कुटलक्षणांना स्वतंत्र अध्याय दिला. बाराव्या शतकात कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याने मानसोल्लासात राजाच्या विनोदांमध्ये कोंबड्यांच्या झुंजीचा समावेश केला. परंतु वराहमिहिराचा कोंबडा शुभाशुभ सांगणारा आहे आणि सोमेश्वराचा झुंजणारा. अंडी घालणारी, पिले वाढविणारी, एखाद्या पावसाळ्यात निमूटपणे वाळत जाणारी कोंबडी या ग्रंथांच्या केंद्रस्थानी नाही. घोड्यांसाठी शालिहोत्राची परंपरा निर्माण झाली, हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद लिहिला गेला, वृक्षांचाही आयुर्वेद झाला. घोडा आणि हत्ती राजाच्या पागेत व पीलखान्यात असत. त्यांच्या दुखण्यावर राज्याचे बळ अवलंबून असे. कोंबडीच्या दुखण्याने कोणाचेही राज्य बुडत नव्हते. बुडत होती ती एखाद्या घरधनिणीची मिठामिरचीची सोय.

हा मुद्दा आपल्या वसाहतींच्या संदर्भात अधिक स्पष्टपणे मांडला पाहिजे. होळकरांच्या चाकरीत माळव्यात आलेल्या आपल्या घराण्यांमध्ये दोन प्रकारची परसे होती. एका परसात तुळशीवृंदावन होते आणि कोंबडीचा स्पर्शही चालत नसे. दुसऱ्या परसात खुराडे होते. लेखणी बहुतांशी पहिल्या परसाकडे होती, कोंबडीचे ज्ञान दुसऱ्या परसाकडे. या दोहोंची गाठ क्वचितच पडली. त्यामुळे आपल्या जुन्या कागदपत्रांत घोड्यांच्या खरेदीविक्रीच्या नोंदी मिळतात, परंतु खुराड्यातील दुखण्यावर घरोघरी काय करीत, हे शोधावयाचे झाल्यास म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींखेरीज आधार नसतो.

आमचे घर दुसऱ्या परसाचे. आमच्या आजींना अक्षरओळख नव्हती, पण तिन्हीसांजेला कोंबड्या डालताना प्रत्येकीच्या गळ्याखालून त्यांचा हात फिरत असे. गळ्याच्या तळाशी दाणे साठविणारी पिशवी भरलेली लागली म्हणजे कोंबडी दिवसभर चरली. रिकामी लागली म्हणजे काहीतरी बिनसले. तीच पिशवी पहाटे पुन्हा चाचपायची. ती रिकामी असेल तर पचन ठीक, टणक असेल तर दाणे अडले, लिबलिबीत असून आंबूस वास येत असेल तर आत सडले. छातीचे हाड किती उघडे पडले यावरून कोंबडी किती दिवसांपासून खंगते आहे, याचा अंदाज त्या बांधीत. तराजू घरात होता, पण तो कोंबडीसाठी नव्हता. हातच तराजू होता. आजारी कोंबडी निराळ्या डालग्याखाली, चुलीच्या उबेला ठेवली जाई. तिला भिजविलेल्या कण्या, ताक आणि हातसडीच्या तांदळाचा कोंडा मिळे. या कोंड्याची गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून वाचकांनी तो लक्षात ठेवावा.

आता या परसातून आपल्याला एकोणिसाव्या शतकातील पॅरिसला जावे लागते. कारण ज्या आजारी कोंबडीला शास्त्रात स्थान नव्हते, तिनेच आधुनिक वैद्यकाची काही मोठी दारे उघडली. १८७९ साली लुई पाश्चर कोंबड्यांच्या पटकीवर प्रयोग करीत होते. या रोगाच्या जंतूंचे ताजे संवर्धन टोचले की कोंबडी हटकून मरे. परंतु बरेच दिवस पडून राहिलेले जुने संवर्धन टोचलेल्या कोंबड्या थोड्या आजारी पडून बऱ्या झाल्या आणि पुढे ताजे जंतू टोचूनही जगल्या. सुटीवरून परतल्यावर हे योगायोगाने घडले, अशी गोष्ट पाठ्यपुस्तकांत सांगितली जाते. पाश्चर यांच्या वह्या तपासणाऱ्या इतिहासकारांनी मात्र दाखवून दिले आहे की वाट इतकी सरळ नव्हती आणि तिच्यात एमिल रू या साहाय्यकाच्या चिकाटीचा मोठा भाग होता. ते काहीही असो; फेब्रुवारी १८८० मध्ये पाश्चर यांनी आपले निष्कर्ष विज्ञान अकादमीपुढे ठेवले आणि प्रयोगशाळेत जंतू दुर्बळ करून लस तयार करण्याचा मार्ग खुला झाला. १८८१ची मेंढ्यांच्या काळपुळीची लस आणि १८८५ची पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लस या त्याच वाटेवरील पुढच्या पायऱ्या होत.

दुसरी कोंबडी जावा बेटावरील बटेव्हियाची, म्हणजे आजच्या जकार्ताची. तेथे क्रिस्तियान आइकमान हे डच लष्करी वैद्य बेरीबेरी या रोगाचे कारण शोधीत होते. या रोगात माणसाचे पाय लुळे पडत आणि हृदय निकामी होऊन मृत्यू येई. जंतूंचा शोध चालू असतानाच १८८९च्या उत्तरार्धात प्रयोगशाळेतील कोंबड्या लुळ्या पडू लागल्या. त्यांची चाल डळमळली, त्या खंगल्या, मरू लागल्या; आणि काही महिन्यांनी हा विकार जसा आला तसाच नाहीसा झाला. चौकशी करता असे कळले की त्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील उरलेला पांढराशुभ्र सडीक भात घातला जात होता. पुढे नवा स्वयंपाकी आला. लष्कराचा तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांना देणे त्याच्या नियमात बसेना, म्हणून त्याने तो बंद केला. कोंबड्यांना साधा, न सडलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. सरकारी नियमांवर बोट ठेवणाऱ्या एका आडमुठ्या माणसामुळे वैद्यकाचा एवढा लाभ व्हावा, हे वाचून आमच्यासारख्या माजी नोकरशहाला थोडे बरे वाटले, हे कबूल करतो.

तांदळाच्या कोंड्यात काहीतरी आहे, हे आइकमान यांना उमगले. मात्र ते काय, याची उकल त्यांचे उत्तराधिकारी खेरित ख्रेन्स यांनी १९०१ साली केली. विष नव्हे, तर अन्नातील एका आवश्यक घटकाची उणीव हे त्या रोगाचे कारण होते. जावातील शंभराच्या आसपास तुरुंगांची पाहणी होऊन माणसांच्या बाबतीतही सडीक तांदूळ आणि बेरीबेरी यांचे नाते पुढे आले. १९१२ साली काझिमीर फुंक यांनी अशा घटकांना व्हिटामिन हे नाव दिले आणि १९२९ साली आइकमान यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. आमच्या आजी आजारी कोंबडीपुढे जो कोंडा ठेवीत, तो का ठेवीत हे त्यांना सांगता आले नसते. आम्ही येथे पूर्वजांना सर्वज्ञ ठरवू इच्छित नाही. कोंडा स्वस्त होता, म्हणून कोंबडीच्या वाट्याला येत होता, एवढेच. पण जो जिन्नस माणसांनी ताटातून काढून टाकला तोच तिला तारीत होता, हे खरे.

तिसरी कोंबडी न्यूयॉर्कची. १९०९ साली छातीवर गाठ आलेली एक प्लिमथ रॉक जातीची कोंबडी रॉकफेलर संस्थेत पेटन राउस या तरुण संशोधकाकडे आणली गेली. राउस यांनी त्या गाठीचा अर्क अत्यंत बारीक गाळणीतून गाळला, जेणेकरून त्यात एकही पेशी उरू नये, आणि तो दुसऱ्या कोंबडीला टोचला. तिलाही गाठ आली. विषाणूमुळे कर्करोग होऊ शकतो हे त्यांनी १९११ साली मांडले, तेव्हा ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. नोबेल पारितोषिक त्यांना १९६६ साली मिळाले. तेव्हा ते ८७ वर्षांचे होते.

पॅरिस, बटेव्हिया, न्यूयॉर्क अशा या तीन ठिकाणी आजारी कोंबडीने माणसाला पुष्कळ दिले. मात्र तिथे तिच्याकडे जे लक्ष गेले ते माणसाच्या रोगासाठी, किंवा रोगजंतूंच्या शास्त्रासाठी. कोंबडी बरी व्हावी म्हणून कोंबडीकडे पाहण्याचा प्रसंग आपल्या देशात आला तो एका मोठ्या मरीमुळे.

१८८९ साली पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. गुरांच्या बुळकांडीने शेती आणि वाहतूक दोन्ही मोडकळीस येत होती, हे तिच्यामागचे प्रमुख कारण. १८९३ साली ही प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. आजच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेचे हे मूळ होय. पुण्यात सुरू झालेल्या या संस्थेच्या वाट्याला पुढे कोंबड्यांचाही एक रोग आला. १९२६ साली जावामध्ये आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे कोंबड्यांची नवी साथ आढळली. त्याच सुमारास मुक्तेश्वरजवळच्या राणीखेत या छावणीच्या गावीही तशीच मर लागली. मुक्तेश्वरच्या एडवर्ड्स यांनी १९२८च्या सुमारास तिचे वर्णन प्रसिद्ध केले. जगात हा रोग न्यूकॅसलच्या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे तो राणीखेतच राहिला. मराठीत त्याला मानमोडी म्हणतात, कारण जगलीवाचली कोंबडीही पुष्कळदा मान पिळवटून फिरते. १९१८ सालच्या माणसांच्या इन्फ्लुएन्झालाही आपल्या लोकांनी मानमोडीच म्हटले होते. ज्या रोगापुढे काही चालत नाही, त्याला एकच नाव पुरत असावे.

या रोगाने एका आठवड्यात गावातील खुराडी रिकामी होत. १९४०च्या दशकात मुक्तेश्वर येथे कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून सौम्य केलेली लस सिद्ध झाली. तिच्यातील वाण मुक्तेश्वरच्या नावानेच जगभर ओळखला जातो. ती थोडी कडक असल्याने सुमारे दोन महिन्यांहून लहान पिलांना देत नाहीत. त्यांच्यासाठी सौम्य लशी डोळ्यांत वा नाकपुडीत थेंब टाकून देण्याची रीत आहे. देशात कुक्कुटपालनाचा मोठा धंदा उभा राहू शकला, त्याला जे अनेक आधार मिळाले त्यांपैकी ही लस एक. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज स्थापन केली, १९८२ साली त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि अंडे शहरातील सामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

येथे परसातील कोंबडी पुन्हा मागे पडली. कारण लशीची कुपी शेकडो मात्रांची असते. ती थंडीत जपावी लागते आणि एकदा द्रावण केले की काही तासांत संपवावी लागते. दहा हजार पक्ष्यांच्या शेडला हे सोयीचे. चार कोंबड्या असलेल्या बाईने शेकडो मात्रांची कुपी घेऊन काय करावे? सारे गाव एका दिवशी कोंबड्या घेऊन जमले, तरच ती कुपी कारणी लागते. ही अडचण ओळखून ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात पीटर स्प्रॅडब्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्णता सोसणाऱ्या लशींवर काम केले. त्यातून निघालेली लस आफ्रिका व आशियातील खेड्यांत गावच्याच माणसांकडून डोळ्यांत थेंब टाकून दिली जाऊ लागली. आपल्याकडे हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने वनराजा आणि बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने गिरिराज हे वाण खास परसासाठी तयार केले. आमच्या शेजारच्या झाबुआतील भिल्ल-भिलालांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला काळा कडकनाथ, ज्याला तिकडे काली मासी म्हणतात, त्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०१९च्या पशुगणनेत देशात परसातील पक्षी ३१ कोटी ७० लाखांच्या वर भरले. २०१२च्या तुलनेत ही वाढ सुमारे ४६ टक्के आहे. म्हणजे परसातील कोंबडी ही संपत आलेली गोष्ट नव्हे.

या प्रदीर्घ फेरफटक्यानंतर आमच्या टोपलीतील कोंबडीकडे वळू. परिचयातील एका तरुण पशुवैद्यांनी, महूच्या १९५५ साली सुरू झालेल्या महाविद्यालयात शिकलेल्या, तिची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि जंतांची अंडी असल्याचे सांगितले. वजनावरून औषधाची मात्रा ठरली, दोन आठवड्यांनी ती पुन्हा द्यावयाची होती, आणि ठराविक दिवस तिची अंडी न खाण्याची सूचना मिळाली. औषध एवढेच. ते पोटात जाऊन काम करीपर्यंत कोंबडी जगवायची कशी, हा भाग घराचा. आमच्या सौ.नी तो आजींच्या आठवणीने आणि पशुवैद्यांच्या सल्ल्याने सांभाळला.

चुलीची जागा ६० वॅटच्या दिव्याने घेतली. तो खोक्याच्या एकाच कोपऱ्यात लावला, म्हणजे ऊब नकोशी झाली तर तिला बाजूला सरता यावे. खंगलेल्या पक्ष्याच्या अंगात ऊब धरण्याइतके मांस नसते. खाल्लेले सारे अन्न अंग तापविण्यात जाते, म्हणून आधी ऊब आणि मग अन्न. पाणी मात्र अन्नाच्याही आधी. पहिल्या दिवशी त्यात थोडा गूळ व मिठाची चिमूट घातली आणि थेंब चोचीच्या कडेला लावून तिचे तिला गिळू दिले. जुन्या लोकांची एक चूक येथे टाळणे आवश्यक होते. चोच उघडून तेल वा काढा ओतण्याची जी रीत होती, तिने अनेक कोंबड्या दगावल्या असतील. कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे असते आणि ओतलेले सरळ फुप्फुसात जाते. नंतर भिजविलेले पिलांचे खाद्य, उकडलेल्या अंड्याचा बलक आणि थोडे दही, असे दिवसातून चार-पाच वेळा, चमचाभर.

गळ्याची पिशवी रात्री व पहाटे चाचपणे आणि रोज सकाळी खाण्यापूर्वी वजन करणे, हा नेम आम्ही स्वतःकडे घेतला. वहीत तक्ता आखला. सवय जात नाही. तिसऱ्या दिवशी वजन ८३० ग्रॅमवर उतरले आणि आम्ही आशा सोडली. त्या रात्री सौ. दोनदा उठून दिवा पाहून आल्या. दहाव्या दिवशी ते ८८० झाले, तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ९६०. तुऱ्यावर तांबूस छटा आली. तिला इतरांत एकदम सोडले नाही. कोंबड्यांत कोणी कोणाला टोचावे याची एक ठरलेली उतरंड असते. नॉर्वेच्या शेल्डरप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या निरखून ती १९२०च्या दशकाच्या आरंभी शास्त्रात मांडली, आणि पुढे माणसांच्या समाजाविषयी बोलतानाही तीच कल्पना वापरली जाऊ लागली. महिनाभर गैरहजर राहिलेल्या कोंबडीची त्या उतरंडीतील जागा गेलेली असते. म्हणून काही दिवस डालग्याखाली, सर्वांना दिसेल अशी परसातच ठेवली आणि मग एका संध्याकाळी अंधार पडल्यावर खुराड्यात सरकवली.

घरच्या शुश्रूषेची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख अप्रामाणिक ठरेल. आपल्याकडे कोंबडी मरणाला टेकली की कापून टाकावी किंवा आठवड्याच्या बाजारात विकून मोकळे व्हावे, अशी रीत होती; मानमोडी एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याची ती हमखास वाट होती. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील काही गावांत तो घरगुती कोंबड्यांत निघाला. डिसेंबर २०२०च्या अखेरीस आमच्या इंदुरात डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचे निदान केले, तेव्हा आम्ही महिनाभर कोंबड्या जाळीबाहेर काढल्या नव्हत्या. एक कोंबडी हळूहळू वाळत असेल तर ती घराची. एकाएकी दोन-तीन दगावल्या, माना पिळवटल्या, तुरे काळेनिळे पडले, तर तेथे माया आवरून पशुवैद्यकीय खात्याला कळविणे हेच कर्तव्य. आजारी पक्ष्याला हात लावल्यावर साबणाने हात धुणे, हे तर दोन्ही प्रसंगी आलेच.

या साऱ्या वाचनातून आमच्या मनात जे उरले ते असे. शास्त्राने कोंबडी पाहिली ती राजाच्या शकुनासाठी, प्रयोगशाळेने माणसाच्या रोगासाठी आणि शासनाने संख्येसाठी. यांपैकी कोणालाही दोष देण्याचे कारण नाही. प्रत्येकाचा हिशेब आपापल्या जागी बरोबर होता. पण एकट्या कोंबडीचा हिशेब ठेवणारे एकच खाते होते, ते घरातील बाईच्या बोटांत. ते कोठे लिहिले गेले नाही, आणि त्यातील बरे-वाईट वेगळे करण्याची संधीही त्यामुळे आली नाही. ऊब, एकांत, कोंडा, गळ्याची पिशवी यांबाबतीत ती बोटे बरोबर होती. ओतलेल्या काढ्यांबाबत आणि बाजारातल्या विक्रीबाबत चुकत होती. लिहून ठेवले असते तर चुका लवकर सुटल्या असत्या.

बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, गोवे येथील ज्या घरांत खुराडी होती, तेथे अजून ऐंशी-नव्वदीच्या आजी, मावश्या, आत्या असतील. त्यांना विचारून चार ओळी टिपून ठेवाव्यात, एवढी विनंती आहे. आमच्या आजी १९७१ साली गेल्या. आम्ही त्यांना कधी काही विचारले नाही. जे आठवते ते नुसते पाहून आठवते.

वहीतील शेवटची नोंद पाचव्या आठवड्याची आहे : वजन १ किलो ६० ग्रॅम, पिशवी पहाटे रिकामी, तुरा लाल, अंडे नाही. पुढच्या रकान्यात सौ.नी आपल्या हाताने लिहिले आहे की, आज खुराड्यातून दुसरी बाहेर आली.